कमी बजेटचा लॅपटॉप घ्या, पण आधी जुन्यातली डिस्क काढा

चार वर्षांचा लॅपटॉप एका सकाळी सुरूच झाला नाही, दुरुस्तीवाल्याने 'मदरबोर्ड गेला, डेटापण गेला' म्हणून परत दिला, प्रबंधाची तीन प्रकरणं आणि वडिलांचे फोटो त्यातच अडकलेत. आता कमी पैशांत टिकेल असा कुठला घ्यावा आणि फाइली पुन्हा जाऊ नयेत म्हणून काय करावं, असं तुम्ही विचारलंय. दोन्हींचं उत्तर देतो. पण त्याआधी एक कळकळीची विनंती: तो जुना लॅपटॉप कुणालाही देऊन टाकू नका.

मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेला म्हणजे फाइली गेल्या असं नसतं. फाइली डिस्कवर असतात आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये डिस्क मदरबोर्डापासून वेगळी निघते. चार्जर काढा, खालचं झाकण उघडा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा. मग एकाच स्क्रूने बसवलेली चपटी पट्टी शोधा, तीच डिस्क. बहुधा ती 22 मिमी रुंद आणि 80 मिमी लांब असते, काही मॉडेलांत आखूड. स्क्रू काढला की तिचं एक टोक आपोआप वर उचललं जातं. तशीच तिरकी धरून अलगद ओढायची. आता तिच्या सोनेरी दातांकडे बघा. डिस्क जोडण्याचे दोन प्रकार असतात: मध्ये एकच खाच असेल तर ती सहसा एनव्हीएमई, दोन खाचा असतील तर सहसा साटा. त्या प्रकारचं यूएसबी एन्क्लोजर (डिस्क बाहेरून लावायची डबी) आणायचं, पट्टी त्यात बसवायची आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची. 'डिस्क फॉरमॅट करायची का?' असं विचारलं तर काहीही झालं तरी 'नाही' म्हणा.

तिथे 48 अंकी रिकव्हरी की मागितली, तरी घाबरू नका. विंडोज अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करून (कुलूप लावून) ठेवतं, मालकाला पत्ताही नसतो. ही की म्हणजे त्या कुलपाची किल्ली. माझ्या बहिणीच्या लॅपटॉपचा बोर्ड वॉरंटीत बदलून आला आणि सुरू करताच निळ्या पडद्यावर हीच मागणी. ती रडकुंडीला आली होती. पहिल्या दिवशी तिने ज्या ईमेलने मायक्रोसॉफ्टचं खातं उघडलं होतं, तो आठवायलाच आम्हाला दोन तास लागले. तो सापडल्यावर मात्र खात्यात त्या लॅपटॉपच्या नावापुढे की तयार होती. नवीन लॅपटॉप आल्यावर पहिल्याच दिवशी ही की कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

तुमच्या लॅपटॉपात पट्टीऐवजी फिरणारी जुनी हार्ड डिस्क असेल आणि लावल्यावर टक-टक आवाज आला, तर लगेच बंद करा. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासणारं साधन) चालवणं, पुन्हापुन्हा लावून बघणं, यातलं काही करू नका. अशा डिस्कला प्रत्येक मिनिट महाग पडतं. ती थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच द्यायची.

आता नवीन लॅपटॉपचं. तुमचं काम लेखन, ब्राउझर, पीडीएफ आणि थोडे फोटो. त्यासाठी मी सगळ्यात आधी डिस्क आणि रॅम बघतो, प्रोसेसर नंतर. डिस्क 'एसएसडी' (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) हवी, 'ईएमएमसी' (स्वस्तातली साठवणीची चिप) नको. अगदी स्वस्त लॅपटॉपांत 64 किंवा 128 जीबी ईएमएमसी असते. ती हळू तर असतेच, शिवाय बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली असते. म्हणजे बोर्ड गेला की वर सांगितलेला उपाय बंद. तुमच्यावर आत्ता जी वेळ आलीय, ती अशा लॅपटॉपात आली तर सुटका फार कठीण. रॅम 8 जीबी ही किमान पातळी समजा. 16 मिळाली तर उत्तम, आणि निदान एक स्लॉट मोकळा असेल तर 8 घेऊन पुढे वाढवता येते. विकणाऱ्याला 'वाढवता येते का' एवढंच विचारू नका, 'स्लॉट किती आणि त्यातले रिकामे किती' असं विचारा.

प्रोसेसरच्या नावावर जाऊ नका, आकडे वाचा. उदाहरण म्हणून एएमडीचे रायझेन 5 7520यू आणि रायझेन 5 7530यू बघा. नाव जवळपास सारखं, पण पहिल्याला 4 कोअर (काम करणारे भाग) आणि आत 2019 साली आलेली झेन 2 रचना. दुसऱ्याला 6 कोअर आणि झेन 3. या मालिकेत रचना तिसऱ्या आकड्यावरून कळते. शिवाय 7520यूबरोबरची रॅम सोल्डर केलेलीच येते. किमतीत फार फरक नसेल तर 7530यूच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

बजेट फारच ताणलेलं असेल तर नव्या कोऱ्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा ऑफिसातून निघालेला लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड किंवा एचपीचा एलिटबुक घ्या. माझ्या घरी दोन तसलेच आहेत. त्यांची बिजागरी धातूच्या पक्क्या आधारावर बसवलेली असते. स्वस्त लॅपटॉपांत तिचे स्क्रू प्लास्टिकच्या लहानशा खुंट्यांमध्ये बसवलेल्या पितळी नटांत जातात. दोन-तीन वर्षांत खुंटी तडकते, नट उपटून येतो, आणि झाकण उघडताना कोपऱ्यात फट पडायला लागते. म्हणून घेताना झाकण एका कोपऱ्याला धरून हळू उघडा, खालच्या कडेला फट पडते का, करकर येते का ते बघा.

वापरलेला घेताना विंडोज 11 अधिकृतपणे चालतं ना, हे तपासाच. विंडोज 10चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला आहे. इंटेलमध्ये साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात, जोडीला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport या कमांडने बॅटरी रिपोर्ट काढा. त्यात मूळ क्षमता आणि आत्ता पूर्ण चार्जला भरणारी क्षमता शेजारी-शेजारी दिसते. दुसरा आकडा पहिल्याच्या साठ टक्क्यांखाली असेल तर बॅटरी बदलायचा खर्च धरूनच भाव करा. डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर दाखवतं. स्क्रीन 1920 बाय 1080 आणि आयपीएस (बाजूने बघितलं तरी स्पष्ट दिसणारा) असावा, दिवसभर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठी.

मात्र यातला कुठलाही लॅपटॉप तुमच्या फाइली सांभाळणार नाही. एसएसडी बरेचदा काहीही लक्षण न दाखवता, एका क्षणात जाते. म्हणून लॅपटॉपच्या बजेटमधूनच आधी एका बाहेरच्या डिस्कचे पैसे बाजूला काढा, मग उरलेल्यात लॅपटॉप बघा. हा क्रम उलटा केला की डिस्क कधीच घेतली जात नाही, हे मी फार जणांच्या बाबतीत पाहिलंय.

फोटोग्राफर पीटर क्रॉघ यांनी रुळवलेला 3-2-1 नियम आजही पुरतो: फाइलीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. तुमच्यासाठी याचा अर्थ एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक क्लाउडवर. गुगलच्या मोफत 15 जीबीत जीमेल आणि फोटोही मोजले जातात, वनड्राइव्ह मोफत 5 जीबी देतं. प्रबंधाला एवढं भरपूर झालं. वडिलांच्या फोटोंना बहुधा पुरणार नाही. त्यांच्यासाठी दुसरी डिस्क घेऊन नातेवाइकाकडे ठेवा.

क्लाउड सिंक (लॅपटॉप आणि क्लाउडवरच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे, हे मात्र नीट समजून घ्या. तुम्ही चुकून फोल्डर उडवलं की ते क्लाउडवरूनही उडतं आणि गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये 30 दिवसच राहतं. बाहेरच्या डिस्कसाठी विंडोजमधली फाइल हिस्टरी चालू करा, ती फाइलीच्या जुन्या आवृत्त्याही ठेवते. काल खोडलेला परिच्छेद आज परत मिळतो. बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवायची. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद केले, तेव्हा जोडून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाइलीही त्यात सापडल्या. आणि ती डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका. बॅग गेली की दोन्ही जातात.

महिन्यातून एकदा बॅकअपमधून एखादी फाइल परत आणून उघडून बघा. 31 जानेवारी 2017ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनिअरच्या हातून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपच्या अनेक पद्धती होत्या, पण वेळेला बहुतेक चालतच नव्हत्या हे तेव्हा कळलं. सहा तास आधी योगायोगाने घेतलेल्या प्रतीवर त्यांचं निभावलं.

आज एवढंच करा: झाकण उघडून आतला स्वच्छ फोटो काढा आणि मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर इथेच लिहा. सिरीयल नंबर मात्र झाका. डिस्क कुठली आणि एन्क्लोजर कुठलं लागेल, ते बघून सांगतो. लॅपटॉपची खरेदी त्यानंतर करू.