रिसॉर्टची जुनी मेंबरशिप: निपाणीला विकायची आहे, टिळकवाडीला घ्यायची आहे

ताई, तुमचे दोन्ही प्रश्न एकाच व्यवहाराच्या दोन टोकांचे आहेत, म्हणून एकत्रच उत्तर देतो. निपाणीला मामंजींच्या नावावर २५ वर्षांची रिसॉर्ट मेंबरशिप आहे, रेड सीझन, वन बेडरूम, ११ वर्षं शिल्लक. मामंजींना आता प्रवास झेपत नाही आणि एजंट फोनवर "अडीच लाख मिळवून देतो" म्हणतोय. दुसरीकडे बेळगावच्या टिळकवाडीला तुमच्या बहिणीच्या यजमानांना अशीच कुणाची तरी जुनी मेंबरशिप एक लाखात मिळतेय, तर घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच घरांचे असे कागद मी वाचून दिलेत, नाव बदलीचे अर्जही भरून दिलेत. त्यावरून सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मामंजींकडे सर्टिफिकेट आहे, पण तो जागेचा उतारा नव्हे. रिसॉर्टच्या जमिनीत किंवा खोलीत त्यांचा वाटा नाही. वर्षातल्या सात रात्री ठरलेल्या मोसमात, ठरलेल्या आकाराच्या खोलीत राहायचा हक्क त्यांनी, टाइमशेअर म्हणतात त्या पद्धतीने, २५ वर्षांसाठी घेतलाय. तो दरवर्षी झिजत जातो आणि मुदत संपली की संपतो. शिवाय त्याच्यासोबत दरवर्षीची वर्गणी येते. कुणी तिला एएसएफ म्हणतं, कुणी मेंटेनन्स. ती महागाईप्रमाणे वाढते आणि वर जीएसटी लागतो. म्हणजे मेंबरशिप विकताना तुम्ही हक्क विकता आणि ११ वर्षांची वर्गणीही समोरच्याच्या गळ्यात घालता. समोरचा शहाणा असेल तर तो ती वर्गणी मोजूनच भाव करणार.

मोजूनच बघू या. आकडे केवळ हिशेबासाठी धरतोय, तुमचे खरे आकडे मेंटेनन्सच्या बिलावरून घ्या. समजा वर्गणी आज २०,००० आहे आणि दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढते. ११ वर्षांची बेरीज जवळजवळ ३ लाख होते. मेंबरशिप १ लाखाला घेतली आणि नाव बदलीची फी २०,००० धरली, तर एकूण ४ लाख २० हजार. ११ वर्षांच्या ७७ रात्री. रात्रीला साधारण ५,४५० रुपये पडले, जेवण आणि प्रवास वेगळा. आता बहुतेक घरांत घडतं तसं निम्म्याच रात्री वापरल्या गेल्या, तर तीच रात्र जवळपास ११,००० ला पडली. त्या पैशात कोडगूला किंवा मुन्नारला कुठल्याही साइटवरून चांगली खोली मिळते, तीही आपल्या सोयीच्या तारखेला.

म्हणून अडीच लाखांची आशा सोडा. लोक सरळ हिशेब मांडतात, "चार लाखांना घेतली, २५ पैकी ११ वर्षं उरली, म्हणजे पावणेदोन लाख तरी यायलाच हवेत." बाजार असं बघत नाही. नवीन मेंबरशिपच्या किमतीत कंपनीचा विक्रीचा खर्च असतो, हॉटेलातली ती चहा-नाश्त्याची मीटिंग, गिफ्ट, विक्रेत्याचं कमिशन. तो पैसा पहिल्याच दिवशी गेलेला असतो. शिवाय कंपनी नव्या ग्राहकाला हप्ते देते, ऑफर देते. तुम्ही काय देणार? अमेरिकेत तर टाइमशेअरचा आठवडा बऱ्याचदा खरेदीखतासकट घेतलेला असतो, तरी ईबेवर तसे आठवडे एकेका डॉलरला विकायला ठेवलेले दिसतात. कारण तेच, मालकाला वर्गणीतून सुटायचं असतं. तुमच्या बाबतीतही चांगल्या भावापेक्षा मामंजींच्या डोक्यावरची वर्गणी उतरणं हा खरा फायदा आहे. या नजरेने बघितलंत तर ४०-५० हजारांचा खरा ग्राहक परत पाठवणार नाही.

आता त्या एजंटाबद्दल. त्याच्याकडे मामंजींचा मेंबरशिप नंबर, नाव, सीझन सगळं असेल. त्यावर विश्वास ठेवू नका, असे डेटाबेस फिरत असतात. थोड्या दिवसांनी तो म्हणेल, "ग्राहक तयार आहे, तेवढी एनओसीची फी भरा." मग जीएसटी, मग ट्रान्सफर चार्ज, मग "रिफंडेबल" डिपॉझिट. प्रत्येक वेळी पैसे तुम्हीच भरायचे. शहापूरच्या एका निवृत्त शिक्षकांकडून असेच तीन हप्त्यांत पैसे गेले. ग्राहक म्हणून ज्याचं नाव सांगितलं होतं, तो माणूसच नव्हता. नियम एकच ठेवा: विकणाऱ्याने मध्यस्थाला आगाऊ एक रुपयाही द्यायचा नाही. कमिशन द्यायचंच असेल तर नाव बदलल्यावर, आलेल्या पैशातून. ही फसवणूक आपल्याकडचीच आहे असंही नाही. मेक्सिकोतल्या एका अमली पदार्थांच्या टोळीशी जोडलेल्या लोकांवर अमेरिकी सरकारने २०२३ मध्ये निर्बंध घातले, तेही टाइमशेअर मालकांना असंच "ग्राहक तयार आहे" सांगून लुबाडल्याबद्दल. मामंजींच्या वयाची माणसं तिथेही याच जाळ्यात सापडतात. त्यांना फोन स्वतः घेऊ देऊ नका, ओटीपी तर कुणालाच नाही. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

मग विकायचं कसं? सुरुवात कंपनीपासून करा, ग्राहकापासून नाही. मामंजींच्या नोंदलेल्या ईमेलवरून कंपनीला लिहा आणि लेखी उत्तर मागा: हप्ता काही बाकी आहे का, वर्गणी कुठल्या वर्षापर्यंत भरली आहे, न वापरलेल्या किती रात्री साठल्यात आणि त्या नव्या माणसाला मिळतील का, नाव बदलीची फी किती आणि कोणते कागद लागतील. बहुतेक ठिकाणी मागची वर्गणी चुकती झाल्याशिवाय बदली होत नाही. नोंदलेला मोबाइल नंबर जुना, बंद पडलेला निघतो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. तसं असेल तर आधी तो बदलून घ्या, नाहीतर ओटीपीवरच गाडी अडते. आपल्या भागात आणखी एक घोळ होतो. सर्टिफिकेटवर इंग्रजी स्पेलिंग एक, आधारवर दुसरं, वडिलांचं नाव कुठे मधे तर कुठे शेवटी. तसा फरक असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं ॲफिडेव्हिट आधीच नोटरीकडून करून ठेवा. आणि ग्राहक कागल-कोल्हापूरकडचा मिळाला, जो निपाणीला सहज मिळू शकतो, तर करारासाठी स्टॅम्प कर्नाटकचा लागेल की महाराष्ट्राचा, हे कंपनीकडून मेलवरच विचारून घ्या. चुकीचा स्टॅम्प म्हणून कागद परत आला की दोघांचाही महिना जातो, आणि ग्राहकाचा उत्साह तोवर टिकत नाही.

पैसे कधी द्यायचे, हा दोन्ही बाजूंचा कळीचा मुद्दा. ग्राहकाने आधी थोडी इसार रक्कम बँकेतून द्यावी आणि साध्या करारात लिहावं की बाकी रक्कम कंपनीचं नाव बदलीचं पत्र आल्यावर दिली जाईल, बदली नाकारली तर इसार परत. रोख नको. "माझ्या नावावर राहू दे, तुम्ही वापरत जा, पैसे द्या" हा प्रकार तर मुळीच नको, ओळखीत असला तरी. मेंबरचं निधन झालं, किंवा वर्गणीवरून वाद झाला, की वापरणाऱ्याच्या हातात काहीच राहत नाही आणि ज्याच्या नावावर आहे त्याच्या घरी बिलं येत राहतात.

आता टिळकवाडीकडे येतो. त्यांचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण घेणं टाळता येतं.

मोसम हा खरा माल आहे. क्लब महिंद्राचं उदाहरण घ्या: पर्पल, रेड, व्हाइट, ब्लू असे वरून खाली चार सीझन. वरच्या सीझनच्या माणसाला खालच्या सीझनमध्ये जाता येतं, खालच्याला वर नाही. आणि एकाच आठवड्याचा रंग प्रत्येक रिसॉर्टला वेगळा असू शकतो. आता बेळगावच्या घराचं वेळापत्रक बघा. मुलं इथल्या राज्य बोर्डाच्या शाळेत असतील तर उन्हाळ्याची सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मे अखेरपर्यंत, आणि ऑक्टोबरात दसऱ्याची. महाराष्ट्रातल्या मुलांना दिवाळीची मोठी सुट्टी असते आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यातही ती मोकळी असतात; आपली तेव्हा शाळेत बसलेली असतात. म्हणजे जूनमधल्या स्वस्त आठवड्यांचा पुण्याच्या घराला उपयोग होतो, आपल्या घराला नाही. म्हणून भावोजींनी विकणाऱ्याकडून सीझनचं कॅलेंडर मागावं, जिथे खरोखर जायचंय त्या चार-पाच रिसॉर्टसमोर मे महिना आणि दसऱ्याचे आठवडे कुठल्या रंगात आहेत ते बघावं. त्यात बसत नसेल तर एक लाख काय, फुकटही घेऊ नये. वर्गणी फुकट येत नाही.

दुसरं, विकणारा मालक ओळखीतला असेल तर त्याच्या लॉगिनमध्ये शेजारी बसून येत्या मे महिन्याची किंवा दसऱ्याची एखादी तारीख प्रत्यक्ष शोधून बघावी. "खोली मिळत नाही" ही टाइमशेअरमधली सगळ्यात जुनी तक्रार आहे, आणि ती ब्रोशरमधून कळत नाही. पाच मिनिटं स्क्रीनवर बघितलं की कळते.

तिसरं गोव्याबद्दल. इथल्या हॉटेलांतल्या विक्रीच्या मीटिंगमध्ये हमखास गोवा दाखवतात, "चोर्ला उतरलं की गोवा, दर महिन्याला जाल." अहो, गोवा इतका जवळ आहे म्हणूनच त्यासाठी मेंबरशिप नको! आपण शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री परत येतो, एक रात्र राहतो, कधी तीही नाही. पावसाळ्यात आंबोलीचंही तेच. सात रात्रींचा हक्क कामी येतो तो लांबच्या मुक्कामाला, कोडगू, मुन्नार, उटी, राजस्थान, जिथे सगळं घर मिळून चार-पाच दिवस राहणार. तुमच्या बहिणीच्या घरात दुकान आहे ना? मग दुकान बंद ठेवून वर्षाला सलग पाच दिवस खरंच निघता येतं का, हे आधी दोघांनी ठरवावं. आरसीआय या अदलाबदल करून देणाऱ्या कंपनीमार्फत परदेशातल्या रिसॉर्टशी अदलाबदल करता येईल, असं कुणी सांगत असेल तर तो हक्क जुन्या मेंबरकडून नव्याकडे येतो का, हे लेखी विचारा. आणि प्रत्येक अदलाबदलीची फी वेगळी असते, हे धरून चाला.

बहिणीकडे घ्यायचंच ठरलं आणि मामंजींचा रेड सीझन त्यांच्या सुट्ट्यांत बसत असेल, तर परक्याची कशाला घेता? कुटुंबातल्या बदलीला कंपनीचे वेगळे नियम असतात. सुनेच्या बहिणीचं घर त्यात बसतं का, ते विचारा. नसेल बसत तरी दोन्ही बाजूंना समोरचा माणूस आणि कागद खरे आहेत याची खात्री राहते, आणि या बाजारात ती सहज मिळत नाही. व्यवहार मात्र वर सांगितला तसाच, पत्र आल्यावर पैसे.

ग्राहक मिळालाच नाही तर? कंपनीकडे सरेंडरची लेखी विनंती करा, कारण म्हणून वय आणि आजारपण लिहा, डॉक्टरांचं पत्र जोडा. परतावा थोडा मिळेल किंवा काहीच मिळणार नाही, पण पुढची वर्गणी थांबल्याचं पत्र मिळालं तरी पुष्कळ. वर्गणी भरणं गुपचूप बंद करू नका. थकबाकी आणि व्याज साठत जातं, आणि नंतर बोलणी करायला तुमची बाजू कमजोर होते.

शेवटी कायद्याचं. भारतात टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही. युरोपात नवीन करार केल्यावर माघार घ्यायला १४ दिवस कायद्यानेच मिळतात, फ्लोरिडात १०. आपल्याकडे करारात जेवढी मुदत लिहिली असेल तेवढीच, आणि दोन व्यक्तींमधल्या जुन्या मेंबरशिपच्या व्यवहारात तीही धरून चालू नका. पण कंपनीने सेवा दिली नाही, बदली विनाकारण अडवली, तर ग्राहक आयोग आहे. करारात "वाद मुंबईत" किंवा "वाद चेन्नईत" असं छापलेलं बघून लोक गप्प बसतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे मामंजींना बेळगावातच. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लावायलाच हवा असंही नाही, आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. मुदत मात्र दोन वर्षांची, कारण घडल्यापासून. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून बघा, काही प्रकरणं तिथेच मिटतात.

मामंजींच्या करारातलं बदलीचं कलम आणि शेवटचं मेंटेनन्सचं बिल, नाव-नंबर झाकून, इथे टाका. बिलातला आकडा बघून तुमचा खरा हिशेब मांडून देतो.