मोर्चाला न येणारी मैत्रीण

प्रश्न : ताई, इंदिरानगरात माझ्या शेजारी राहणारी मैत्रीण बहाई धर्माची आहे. पाण्यासाठी एका पक्षाने मोर्चा काढला तेव्हा आम्ही सगळ्या गेलो, ती आली नाही. इराणमध्ये तिच्या धर्माच्या लोकांचा एवढा छळ होतो, तरी तिथलं सरकार उलथवा असं ती कधी म्हणत नाही. शिवाय हे लोक मतभेद झालेल्यांना वाळीत टाकतात, असं वाचलं. हा बोटचेपेपणाच नाही का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पक्षाच्या मोर्चाला ती आली नाही, यात मला बोटचेपेपणा दिसत नाही. बहाई माणूस मतदान करतो, पण कुठल्याही पक्षात जात नाही आणि सरकारचा कायदा पाळतो. पक्ष आला की माणसांत दुफळी पडते, आणि त्यांना तीच नको आहे. त्यांच्या धर्माचा कारभार पाहणाऱ्या नऊ जणांच्या मंडळांच्या निवडणुकीतही उमेदवार नसतात आणि प्रचारही नसतो. मतदाराने गुप्तपणे नऊ नावं लिहायची.

ही भूमिका किती महाग पडते, ते इराणात दिसलं. 18 जून 1983 ला शिराझमध्ये दहा बहाई स्त्रियांना फाशी दिली. सगळ्यांत लहान मुलगी 17 वर्षांची होती. मुलांना धर्माचे धडे देणं हाही तिचा गुन्हा ठरला. धर्म सोडते एवढं म्हटलं असतं तर जीव वाचला असता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने बहाईंच्या संस्थांवर बंदी घातली, तर त्यांनी कायदा पाळून आपली मंडळं स्वतःच विसर्जित केली. मला हे वाचून राग आला होता. पण ते गप्प बसलेले नाहीत हेही खरं. संयुक्त राष्ट्रांत ते सतत दाद मागतात, आणि विद्यापीठांची दारं त्यांना बंद झाली तेव्हा 1987 मध्ये घराघरांतून उच्च शिक्षण सुरू केलं. सत्ता उलथवायची नाही आणि श्रद्धाही सोडायची नाही, याला भित्रेपणा कसं म्हणू?

वाळीत टाकण्याचं मात्र मला पटत नाही, आणि ते मी आडपडदा न ठेवता सांगते.

आधी नीट समजून घ्या : धर्म सोडून जाणाऱ्याला किंवा शंका विचारणाऱ्याला ते तोडत नाहीत. बहाई राहून धर्माच्या नेतृत्वालाच आव्हान देणारा ‘करार मोडणारा’ ठरतो, आणि त्याच्याशी सगळा संबंध तुटतो. शोघी एफेंदी हे त्यांचे धर्मरक्षक, म्हणजे धर्माचे प्रमुख. त्यांनी सख्ख्या भावंडांनाही असं दूर केलं. 1957 मध्ये ते वारस न नेमता गेले. 1960 मध्ये मेसन रेमी या ज्येष्ठ बहाई नेत्याने आपणच पुढचे रक्षक असं जाहीर केलं, आणि तेही बाहेर काढले गेले. फूट पडू नये म्हणून हे केलं, असं बहाई सांगतात. धर्मात मोठी फूट पडली नाही, हे खरंच.

पण वाळीत म्हणजे काय ते मी पंचवटीतल्या आमच्या घरी पाहिलंय. आत्याने जातीबाहेर लग्न केलं होतं. दर दिवाळीला आजी तिच्या नावाचा डबा भरायची : चकल्या, वर अनारसे, त्यावर कागद. झाकण घट्ट लावून तो फडताळात ठेवून द्यायची. तो कधीच गेला नाही. भाऊबीज झाली की आम्हीच तो फराळ खायचो.

आपल्याच गावात 1930 मध्ये काळाराम मंदिराच्या दारी सत्याग्रह झाला. दार उघडलं नाही, तेव्हा 1935 मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या राज्याने 2016 मध्ये कायदा केला, तोही अशा डब्यांमुळेच. जे इराणात सरकारकडून तुटणं सोसतात, त्यांनी आपल्या माणसाला तोडावं, हे मला बोचतं.

मैत्रिणीशी मोर्चावरून भांडू नका. मार्चमध्ये त्यांचे 19 दिवसांचे उपवास असतात. एखाद्या दिवशी सूर्य मावळल्यावर काहीतरी खायला घेऊन जा, आणि विचारा : तुझा भाऊच करार मोडणारा ठरला, तर त्याच्या घरी डबा पाठवशील का? ती काय म्हणाली ते मला जरूर कळवा.