११ इंची की १३ इंची आयपॅड प्रो, आणि कोणत्या सालचा?

तुम्ही विचारलंय ते असं: निपाणीत लग्नपत्रिका, बॅनर आणि दुकानांच्या पाट्यांचं डिझाइन करता. हाताशी २०१८चा ११ इंची आयपॅड प्रो आहे, ६४ जीबीचा, सोबत पडद्यावर लिहायची दुसऱ्या पिढीची ऍपल पेन्सिल. जागा पुरत नाही, मोठ्या फाइलला तो दमतो. आता नवा घ्यायचा तर ११ की १३? आणि एम१, एम२, एम४, एम५ या चिपांतला कोणता?

मी बेळगावात शहापूरला राहतो आणि काम हेच करतो. तुमच्याकडे आहे तोच २०१८चा ११ इंची मी तीन वर्षं वापरला, मग २०२१चा १२.९ इंची (१३ च्या आधीचं मोठं माप) आणि गेल्या काही काळापासून २०२४चा १३ इंची. एम५ पुण्यात मावसभावाकडे दोन दिवस हाताळला. त्यामुळे हाताने जे अनुभवलं ते सांगतो.

आधी माप ठरवा, साल नंतर. सगळे लोक उलटं करतात. चिप कोणती, किती पट वेगवान, हे आधी बघतात आणि माप शेवटी पैशावर सोडतात. आपल्या कामात रोज डोळ्यांना आणि मनगटाला जाणवतं ते माप.

पट्टी घेऊन मोजलं तर ११ इंची प्रोचा पडदा साधारण २३ सेंटिमीटर बाय १६ सेंटिमीटर भरतो. १३ इंचीचा साडेसव्वीस बाय वीसला जरासा कमी. कर्णात दोनच इंचांचा फरक दिसतो, पण क्षेत्रफळ ४० टक्क्यांहून जास्त वाढतं. ए४ कागदाचं पूर्ण पान ११ वर दिसतं ते खऱ्या मापाच्या ७६ टक्के, १३ वर ८९ टक्के. आता हे पत्रिकेला लावून बघा. उघडल्यावर ए४ होणाऱ्या पत्रिकेत ‘आपले विनीत’खाली नावांची जी रांग असते ती बहुतेक ९ पॉइंटमध्ये बसवावी लागते. ती ११ वर ७ पॉइंटच्याही खाली जाते, १३ वर ८ राहते. ७ आणि ८ मधला फरक ऐकायला किरकोळ वाटेल. पण देवनागरीत अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीची गाठ हे सगळं त्या एका पॉइंटात असतं.

माझ्याकडून एका पत्रिकेत ‘कंग्राळी’चं ‘कग्राळी’ छापून गेलं होतं. पान पूर्ण ठेवून ११ वर तपासलं, टिंब नाही हे दिसलंच नाही. पाचशे पत्रिका परत छापून दिल्या. मुलीकडच्यांनी एक शब्दही वाकडा काढला नाही, उलट चहा पाजला, पण त्या गावच्या माणसांच्या हातात आपल्या गावाचं चुकलेलं नाव पडलं असतं याचं मला फार वाईट वाटलं. त्यानंतरच मी मोठ्या पडद्याकडे वळलो. झूम करून तपासता येतंच, तुम्हीही करत असाल. पण झूम केलं की पानाचा तोल दिसत नाही, आणि तोल बघायला मागे आलं की टिंब दिसत नाही. हे जाणं-येणं दिवसातून शंभरदा होतं.

पाट्यांचं थोडं वेगळं आहे. दहा बाय तीन फुटांची लांबट पाटी आडव्या पडद्यावर घेतली तर फक्त लांबी कामाची, आणि तिथे फरक साडेतीन सेंटिमीटरचा. पडद्याची वरची-खालची जागा मोकळीच राहते. नुसत्या पाट्या करणाऱ्याने १३ साठी जास्त पैसे घालायची गरज नाही, असं मी पूर्वी म्हणायचो. आता म्हणत नाही. त्याला कारण आपल्याकडच्या पाट्या दोन लिप्यांच्या असतात. २०२४च्या दुरुस्तीपासून कर्नाटकात पाटीवरची ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते, म्हणजे वर मोठ्या अक्षरात कन्नड, उरलेल्यात मराठी आणि इंग्रजी. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली असते, सगळा भार वर. कन्नडची गोल अक्षरं, त्यांच्या डोक्यावर तलेकट्टू म्हणजे वरची खूण सुटी सुटी, आणि जोडाक्षराचं दुसरं अक्षर ओळीच्या खाली उतरतं. त्या खाली उतरलेल्या अक्षराला मराठीची वरची वेलांटी जाऊन भिडते. ‘श्री’ आणि ‘की’ असलेल्या नावात तर हमखास. दोन्ही ओळींमधलं अंतर किती ठेवायचं हे आकड्याने ठरत नाही, डोळ्यानेच ठरतं. आमचे बाबा पेंटर होते. खडूची पूड लावलेला दोरा ताणून रेघा मारायचे आणि मग रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभं राहून बघायचे. ते पलीकडे जाणं आता पडद्यावर करावं लागतं. आणि १३ वर त्या मोकळ्या जागेत मी मूळ नमुना, रंगांच्या पट्ट्या, गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला दुकानाचा फोटो ठेवतो. म्हणून माझं मत १३ कडेच आहे.

११ च्या बाजूनेही खरं ते सांगायला हवं. एसटीत, मंडपात, गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहून एका हातात धरून दाखवायचं असेल तर ११ सारखं सोयीचं काही नाही. ए५ मापाची पत्रिका त्यावर अगदी खऱ्या मापात मावते. तुमचं अर्धं काम गिऱ्हाइकासमोर उभ्याने होत असेल तर ११ च घ्या, माझं बाकीचं ऐकू नका.

आता पिढ्या. २०१५ला पहिला १२.९ इंची आला तो ७१३ ग्रॅमचा होता. २०१६चा ९.७ इंची आणि २०१७चे १०.५ व १२.९ हे सगळे आता जुन्या सॉफ्टवेअरवर अडकले आहेत. पहिल्या दोघांची गाडी आयपॅडओएस १६ वर थांबली, २०१७वाल्यांची १७ वर. कोणी कितीही स्वस्त देऊ दे, घेऊ नका. २०१७ने एक मोठी गोष्ट आणली ती सेकंदाला १२० वेळा ताजा होणारा पडदा. तो तुमच्याकडे आहेच.

खरी उडी २०१८ची. होम बटण गेलं, फेस आयडी आलं, यूएसबी-सी आलं, पेन्सिल चुंबकाने कडेला चिकटून चार्ज व्हायला लागली. जाडी ५.९ मिलिमीटर. तुमचा आयपॅड सात वर्षांचा होऊनही २०२५चं आयपॅडओएस २६ त्यावर चालतं, ॲपच्या खिडक्या हव्या तशा हलवायच्या सोयीसकट. त्याचं यंत्र म्हातारं झालेलं नाही. कमी पडतात ते ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण. प्रोक्रिएट या चित्रांच्या ॲपमध्ये किती लेयर (चित्राचे एकावर एक थर) मिळणार हे कॅनव्हासचा आकार आणि मेमरी यांवर ठरतं. मोठ्या फ्लेक्ससाठी कॅनव्हास मोठा घेतला की लेयर संपतात, तुमचं दुखणं हेच असणार.

२०२०च्या मॉडेलात अंतर मोजणारा लायडार आणि जादा कॅमेरा आला, मेमरी ६ झाली. आपल्याला उपयोग मेमरीचाच. त्याच्यावर थांबू नका.

२०२१ला एम१ आला, मेमरी ८ जीबीवर गेली, आणि मापांची वाट वेगळी झाली. १२.९ ला मिनी-एलईडी पडदा मिळाला, ११ ला जुनाच एलसीडी ठेवला. १२.९ चं वजन ६८२ ग्रॅम झालं. त्या मिनी-एलईडीत मागे २५९६ दिव्यांचे कप्पे आहेत आणि अक्षराची कड मात्र त्याहून कितीतरी बारीक. म्हणून काळ्यावर पांढरं किंवा सोनेरी अक्षर काढलं की अंधारात भोवती फिकट प्रभा दिसते. पांढऱ्या कागदावरच्या कामात ती दिसत नाही. रात्री दिवा मालवून काळ्या पाटीचं काम करताना मला ती खुपायची. सोन्याच्या दुकानाची पाटी करत होतो, अक्षराला आपणच चुकून सावली दिली की काय असं वाटून मी लेयर उघडून बघत बसलो होतो.

२०२२च्या एम२ मध्ये एकच गोष्ट आपल्या कामाची: पेन्सिल पडद्यापासून १२ मिलिमीटरपर्यंत वर धरली तरी टोक कुठे पडणार ते दिसतं. सवय लागली की छान, पण त्यासाठी एम१ पेक्षा फार जास्त पैसे मोजू नयेत.

दुसरी खरी उडी मे २०२४ची, एम४. दोन्ही मापांना दुहेरी थराचा ओलेड पडदा, ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. ती प्रभा गेली, काळं म्हणजे काळं. १३ इंचीचं वजन ५७९ ग्रॅम, म्हणजे २०२१वाल्यापेक्षा १०० ग्रॅमहून कमी, आणि जाडी ५.१ मिलिमीटर. मांडीवर घेऊन तीन तास अक्षरं काढली की हे १०० ग्रॅम कळतात. साठवण २५६ जीबीपासून सुरू. उजेड १००० निट्स, तुमच्याकडच्याचा ६००. बाहेर उन्हात जाऊन भिंतीसमोर नमुना धरून दाखवताना हा फरक थेट कामाचा आहे.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट पेन्सिल प्रो. ती बोटांत फिरवली की पडद्यावरचं टोकही फिरतं. तुम्ही बोरूने किंवा कट निबने लिहिलं असेल तर मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. देवनागरीचं जाड-बारीक दाबावर कमी आणि निबच्या कोनावर जास्त ठरतं. आडवी शिरोरेषा, उभा काना आणि तिरपा तुकडा, एकाच कोनात धरलेल्या निबने तिघांची जाडी आपोआप वेगळी येते. ‘ळ’च्या वळणावर लिहिणारा तो कोन हळूच बदलतो. हे इतकी वर्षं काचेवर होत नव्हतं, मागून दुरुस्त करावं लागायचं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी बाबांना बोलावून दाखवलं. त्यांनी स्वतः एक ‘ळ’ काढला, आणि मग पुन्हा एक काढला.

इथेच एक धोका सांगतो. तुमची दुसऱ्या पिढीची पेन्सिल एम४ किंवा एम५ वर चालत नाही. मला एका दुकानदाराने चालेल म्हणून सांगितलं, मी विश्वासाने घरी आलो आणि ती जुळलीच नाही. पेन्सिल प्रोचे ११,९०० रुपये वेगळे घालावे लागले. तुम्ही ते आधीच हिशेबात धरा. आणि ७,९०० रुपयांची यूएसबी-सी पेन्सिल स्वस्त म्हणून घेऊ नका, तिला दाब कळत नाही.

ऑक्टोबर २०२५चा एम५ बाहेरून एम४ सारखाच, पेन्सिलही तीच. चिप नवी, पण आपल्या कामाचा फरक एवढाच की २५६ आणि ५१२ जीबीच्या मॉडेलांत मेमरी ८ ऐवजी १२ जीबी झाली. लेयरचं दुखणं असलेल्या माणसाला हा फरक मोलाचा आहे. दोन्ही पिढ्या आल्या तेव्हा भारतात किंमत एकच होती: ११ इंची ९९,९०० आणि १३ इंची १,२९,९००. म्हणून एम४ जर चांगला स्वस्त मिळत नसेल तर एम५ घ्या. चमक कमी करणारी नॅनो-टेक्स्चर काच १ टीबीपासून पुढेच मिळते, तिचा विचार सोडा.

तुमच्या मनात १३ इंची आयपॅड एअर येईल, प्रोपेक्षा स्वस्त. २०२४ला एम२ सह आला तेव्हा ७९,९०० होता, पेन्सिल प्रो त्यावर चालते, निब फिरवणंही चालतं. पहिल्यांदा आयपॅड घेणाऱ्याला मी डोळे मिटून तोच सांगेन. तुम्हाला सांगताना थांबतो, कारण तुमच्या हाताला सात वर्षं १२० ची सवय आहे आणि एअर ६० वर चालतो. भरभर ओढलेल्या शिरोरेषेत शाई टोकाच्या मागे राहिलेली तुम्हाला दिसेल. पडदाही एलसीडी, फेस आयडी नाही. तरी पैशाची ओढ असेल तर मोठा एअर घ्या, लहान प्रो नको.

आणि बजेट त्याहूनही कमी असेल तर २०२१चा १२.९ वापरलेला बघा. तुमची आत्ताची पेन्सिल त्याला चिकटून चालेल, ती बचत मोठी आहे. घेताना आयपॅड सपाट काचेच्या टेबलावर उताणा आणि पालथा ठेवून बाक आहे का बघा. काळं चित्र उघडून अंधारात पडदा तपासा. मालकाला तुमच्यासमोर त्याच्या ऍपल खात्यातून बाहेर पडायला लावा. बॅटरी किती उरली हे सेटिंग्जमध्ये २०२४च्या मॉडेलांपासूनच दिसतं, जुन्यांत दिसत नाही, म्हणून दुकानात अर्धा तास प्रोक्रिएट चालवून टक्के किती उतरतात ते मोजा.

प्रत्यक्ष हाताळायचं असेल तर सप्टेंबर २०२५ पासून पुण्यात कोरेगाव पार्कला आणि बेंगळुरूत हेब्बाळला ऍपलचं स्वतःचं दुकान आहे. निपाणीहून पुणं जवळ पडेल. जाण्याआधी एक करा. खाकी कागदाचे दोन तुकडे कापा, एक २३ बाय १६ आणि एक साडेसव्वीस बाय २० सेंटिमीटर. आठवडाभर दोन्ही टेबलावर ठेवा, त्यावर पेन्सिलीने तुमच्या एखाद्या चालू पत्रिकेचं पान मांडून बघा, पिशवीत घालून गिऱ्हाइकाकडे न्या. हात कोणत्या कागदाकडे जातो ते इथेच लिहा, मग साठवण किती घ्यायची ते आपण बघू.