ताणामुळे खरंच पैसे जातात का? बडोद्यात बिनखर्चाचा उपाय काय?

हो, जातात, फक्त खर्चाच्या वहीत ते 'ताण' या नावाने दिसत नाहीत. लोकांचे घरखर्च आणि कर्जाचे हिशेब बघणं हेच माझं काम, तिथे ते असे सापडतात: उठायला उशीर झाला म्हणून रिक्षा, रात्री अंगात त्राण नाही म्हणून बाहेरचं जेवण, अॅसिडिटीच्या गोळ्या, बिनपगारी रजा आणि विसरलेल्या हप्त्याचा दंड. या दंडाची मला सगळ्यात चीड येते. हप्ता ऑटो-डेबिटवर टाका, निदान तेवढे तरी वाचतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने नैराश्य आणि चिंतेपायी जगभरात वर्षाला कामाचे १२ अब्ज दिवस बुडतात. बिनखर्चाचं म्हणाल तर सकाळी कमाटीबागेत अर्धा तास चाला, मोबाइल खिशातच ठेवून. ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या श्वास घ्यायला लागतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. पाचेक मिनिटांत नाडी संथ होते. मात्र दोन आठवडे झोपच नसेल, तर एवढ्यावर भागवू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.