टेबलाचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी थांबवा

कोपनहेगनहून एका ताईंचं पत्र आलंय. नवराबायको दोघंही नोकरीत, एक मुलगी, चार-पाच वर्षांनी पुण्याला परतायचंय. तिथल्या जुन्या फर्निचरच्या दुकानात 1960च्या दशकातलं रोजवुडचं गोल डायनिंग टेबल त्यांच्या मनात भरलंय, मिटलं की चौघांचं आणि मधे दोन फळ्या टाकल्या की दहा जणांचं. किंमत 22 हजार क्रोन, म्हणजे आपले जवळपास 3 लाख. दुकानदार म्हणतो दहा वर्षांत दुप्पट होईल, तर 3 लाखांची एफडी मोडून घेऊ का?

ताई, टेबल देखणंच असणार, पण ही गुंतवणूक नाही. डॅनिश फर्निचरमध्ये खरा भाव येतो तो वेग्नर, फिन यूल अशा नावाजलेल्या डिझायनरांच्या खुर्च्यांना. मोठ्या टेबलाला परत विकताना गिऱ्हाईक कमी, आणि नाव-शिक्का नसलेली सागवानी टेबलं तर तिथेच दोन-चार हजार क्रोनला मिळून जातात. शिवाय ते ब्राझिलियन रोजवुड असेल तर हे लाकूड 1992 पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) सगळ्यात कडक यादीत आहे, युरोपात विकायलाच सर्टिफिकेट लागतं आणि पुण्याला आणायचं तर परमिट वेगळं. दुकानदाराने कागद दाखवला नाही तर विषय संपला. घ्यायचंच ठरलं तर फळ्या बाहेर काढून बघा. रोजवुड उजेडाने फिकं होतं, आत राहिलेल्या फळ्या जरा गडद दिसल्या तर घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे.

पण माझी झोप उडवली ती पत्राच्या शेवटच्या ओळीने. "पुण्याच्या आरएमने (बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने) दिलेल्या गॅरंटीड पॉलिसीचा 4 लाखांचा तिसरा हप्ता मार्चमध्ये आहे म्हणून हात आखडलाय."

वर्षाला 4 लाख, दहा वर्षं, एकूण 40 लाख, आणि विसाव्या वर्षी 80 लाख. आरएम म्हणाला पैसे डबल. अहो, पण तुमचा पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो, म्हणजे परतावा कसाबसा साडेचार टक्के! आणि त्याच वेळी पुण्याच्या फ्लॅटचं 45 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी चालू आहे. साडेआठने उसने घेऊन साडेचारने गुंतवताय तुम्ही, तेही दरवर्षी 4 लाख. विमा किती, तर 40 लाख, कर्जसुद्धा फिटत नाही त्यात. "टॅक्स फ्री" म्हणून सांगितलं ते भारतापुरतं, डेन्मार्कचे टॅक्स रेसिडेंट, म्हणजे करासाठी तिथले रहिवासी, असताना जगभरातली कमाई तिथे दाखवावी लागते, हे त्या माणसाने सांगायला नको होतं का? फॉर्मवर पुण्याचा पत्ता टाकून "रेसिडेंट" (भारतातच राहणारे) अशी टिक केलीय ते तर मला अजिबात आवडलेलं नाही, पहिल्या तीन वर्षांत चुकीच्या माहितीवरून कंपनी क्लेम अडवू शकते. आजच लेखी कळवून दुरुस्त करून घ्या.

आता चिडून सरेंडर करू नका, म्हणजे पॉलिसी मोडून पैसे परत घेऊ नका. पॉलिसी ऑक्टोबर 2024च्या आधीची असेल तर दोन हप्त्यांनंतर भरलेल्यातले साधारण 30 टक्के मिळतात, 8 लाखांचे अडीच लाखही नाहीत. त्यापेक्षा तिसरा हप्ता न भरता पॉलिसी पेड-अप होऊ द्या, म्हणजे पुढचे हप्ते बंद, पण पॉलिसी कमी रकमेवर चालू. भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात रक्कम धरली तर शेवटी 16 लाखांच्या आसपास येतील, सरेंडरचे पैसे तिथवर न्यायला अठरा वर्षं 11 टक्के कमवावे लागतील. पण पेड-अपचे नियम प्रत्येक पॉलिसीचे वेगळे, म्हणून आकडा कंपनीकडूनच मेलवर मागवा, आरएमच्या तोंडी नको.

मार्चचे 4 लाख मोकळे झाले की त्यातून आधी दोघांचा टर्म प्लॅन (नुसता जीवनविमा, गुंतवणूक नाही), खरी माहिती देऊन, मग एफडीत भर घाला, कारण परदेशात एक नोकरी गेली तर 3 लाख म्हणजे जेमतेम महिना-दीड महिना. पुढच्या वर्षापासूनचे 4 लाख सरळ कर्जात भरा. एफडी मोडायची नाही. टेबलासाठी पगारातून महिन्याला हजार क्रोन बाजूला टाका, चार महिन्यांत सागवानी टेबल येईल आणि जेवायला दहा जण त्याच्याभोवतीही बसतात.