बिनमातीची बाग: पहिला डबा

प्रश्न: घरात मातीविना पालेभाज्या वाढवाव्यात अशी फार दिवसांची इच्छा आहे; परंतु माहिती मिळवू लागले तेव्हा पंप, नळ्या, टायमर आणि मोजमापाची उपकरणे यांची इतकी लांबलचक यादी समोर आली की सुरुवातीलाच धीर खचला. हे सारे आवश्यकच आहे का?

उत्तर: पहिल्या प्रयोगासाठी यांपैकी बहुतेक गोष्टी वगळता येतात, आणि आमच्या मते त्या वगळाव्यातच. मात्र पंप नेमका कशासाठी असतो हे आधी समजून घ्यावे. झाडाच्या मुळांना पाणी आणि अन्नद्रव्ये लागतात तसाच श्वसनासाठी प्राणवायूही लागतो. जमिनीत तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. पाण्यात मात्र तो फारच थोडा विरघळतो. २० अंश सेल्सिअस तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येते. मुळांची गरज मात्र उष्म्यात वाढते, त्यामुळे तापलेल्या, साचलेल्या पाण्यात ती गुदमरतात आणि मूळकुजीला बळी पडतात. हवेचा पंप, बुडबुडे सोडणारा दगड, उतारावर बसवलेल्या नळ्या हा सारा खटाटोप मुख्यतः ही उणीव भरून काढण्यासाठी असतो.

हेच काम विजेशिवाय साधणारी एक पद्धत अमेरिकेतील हवाई बेटांवरच्या विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅटकी यांनी रूढ केली. झाकण असलेला, प्रकाश आरपार न जाऊ देणारा डबा घ्यावा. लेट्यूसच्या एका रोपाला सुमारे चार लिटरचा पुरतो. झाकणाला भोक पाडून त्यात जाळीदार कुंडी बसवावी, तिच्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा मातीचे भाजलेले गोळे यांच्या आधाराने रोप लावावे आणि कुंडीचा तळ जेमतेम बुडेल इतके पोषक द्रावण डब्यात भरावे. रोप पाणी पिऊ लागते तशी पातळी खाली जाते, वर दमट हवेची पोकळी तयार होते आणि तेथे उघड्या पडलेल्या मुळांना बारीक, दाट तंतू फुटून ती हवेतून थेट प्राणवायू घेऊ लागतात, तर खालची मुळे द्रावणातच राहून पाणी आणि अन्न पुरवतात.

येथे हौशी मंडळींचा हात आवरत नाही. पातळी उतरलेली दिसली की ती काळजीपोटी डबा पुन्हा काठोकाठ भरतात, हवेला सरावलेली मुळे बुडतात आणि टवटवीत रोप अचानक मान टाकते. द्रावण संपतच आले तर थोडेसे घालावे, परंतु पोकळी कायम ठेवावी. डबा पारदर्शक असेल तर त्यावर जाड कागद गुंडाळावा किंवा रंग द्यावा, कारण प्रकाश मिळताच द्रावणात शेवाळ माजते.

प्रश्न: कुंड्यांसाठी आणलेले १९:१९:१९ हे विद्राव्य खत घरात आहे. तेच पाण्यात मिसळून भागणार नाही का?

उत्तर: एकट्या त्यावर भागणार नाही. या खतात नत्र, स्फुरद आणि पालाश असतात, परंतु कॅल्शियम नसते. शिवाय त्यातील नत्राचा मोठा भाग सहसा युरिया आणि अमोनियमच्या रूपात असतो. मातीतील जिवाणू त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात; नव्याने भरलेल्या डब्यात ती जिवाणूंची फौज नसते. कॅल्शियम कमी पडले की लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात. शेणखताचे किंवा कंपोस्टचे पाणीही या डब्यात ओतू नये: ते कुजते आणि उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकते.

म्हणून हायड्रोपोनिक्ससाठीच, म्हणजे मातीविना लागवडीसाठी बनवलेले, ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन भागांत मिळणारे खत घ्यावे. हे दोन भाग विक्रीची क्लृप्ती नव्हेत. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट किंवा फॉस्फेट असलेली खते दाट स्वरूपात एकत्र आली तर त्यांचा न विरघळणारा पांढरा साका तळाशी बसतो, आणि तळाशी बसलेले अन्न मुळांच्या उपयोगाचे नसते. त्यामुळे आधी डब्यात पूर्ण पाणी घ्यावे, त्यात ‘ए’ ढवळून विरघळवावे आणि मगच ‘बी’ घालावे.

मोजमापासाठी दोन गोष्टी पुरेत. द्रावणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचे माप) ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असावा. तो बराच वर गेला तर लोह द्रावणात असूनही रोपाला मिळत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे विद्युत वाहकता. द्रावणात क्षार जितके जास्त तितकी ती अधिक; लेट्यूससाठी ती ०.८ ते १.२ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर ठेवतात. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारा टीडीएस मीटर वापरणार असाल तर एक सावधगिरी बाळगावी: तो क्षार तोलत नाही, वाहकतेवरून अंदाज बांधतो, आणि एकच द्रावण एका मीटरवर ५०० तर दुसऱ्यावर ७०० दाखवू शकते. आपला मीटर कोणत्या प्रमाणाने मोजतो, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहावे.

प्रश्न: डब्यातल्या पालकाची पाने पिवळी पडू लागली आहेत. खत वाढवावे का?

उत्तर: आधी कोणती पाने पिवळी पडत आहेत ते पाहावे. खालची, जुनी पाने सरसकट पिवळी होत असतील तर नत्राची कमतरता संभवते, कारण रोप जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांना पुरवते. नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या दिसत असतील तर लोहाकडे बोट जाते. अशा वेळी खत वाढवण्याआधी सामू तपासावा. आणि काही करण्यापूर्वी झाकण उचलून मुळे पाहावीत. ती पांढरी किंवा फिकट पिवळसर असतील तर काळजी नाही. तपकिरी, बुळबुळीत आणि वास मारणारी असतील तर खताचा विचार सोडून द्यावा, डबा स्वच्छ धुऊन ताजे द्रावण निम्म्यापर्यंतच भरावे आणि तो उन्हाच्या थेट झळीपासून दूर ठेवावा.