गार गाडी काही सांगत नाही

प्रश्न : काका, आमची हॅचबॅक जुनी आहे, पण आजवर त्रास नव्हता. मागच्या पौर्णिमेला तुळजापूरहून येताना घाट उतरलो आणि पुढच्या डाव्या चाकातून जळका वास यायला लागला. गाडी डावीकडे ओढत होती, पिकअप गेला. त्या चाकाजवळ हात नेववत नव्हता, बाकीची तीन नुसती कोमट. ह्यांनी बाटलीतलं पाणी ओतलं. रात्रभर उभी ठेवली तर सकाळी चाक मोकळं! गॅरेजवाल्यानं पॅड बदलले. मोहोळला जाताना पुन्हा तेच, उलट लवकर. आता तो म्हणतो, मास्टर सिलिंडर बदला. बदलू का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : थांबा ताई, एवढ्यात पैसे मोजू नका. मास्टर सिलिंडर म्हणजे पायाचा जोर ऑइलमधून चाकांकडे पाठवणारा पंप. पाय काढल्यावर त्यानं ऑइल परत घेतलं नाही तर सहसा एकच चाक धरत नाही. पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या लाइनी तिरक्या जोडलेल्या असतात, पुढचं डावं आणि मागचं उजवं एका लाइनवर. मास्टर अडला तर ही दोन्ही तापतील, नाहीतर चारही. बाकीची तीन कोमट होती हे तुम्ही लिहिलंत, त्यानं माझं अर्धं काम झालं. संशय आता दोघांवरच : कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पिस्टननं पॅड दाबणारा चिमटा, नाहीतर त्याच्याकडे जाणारा रबरी होज पाइप.

त्यातलं कोण, हे गाडी गार असताना कळत नाही. तुमच्या गॅरेजवाल्याकडे गाडी सकाळी गेली, चाक मोकळं फिरलं, त्यानं अंदाजानं पॅड टाकले. दुखणं चढलेलं असतानाच नाडी बघायची असते. मेकॅनिकला शेजारी बसवून गॅरेजच्या आसपास ब्रेक मारत फिरवा आणि चाक धरलं की तशीच आत घ्या. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, जॅकच्या जोडीला स्टँड. ब्रेकवर पाय नको. चाक हातानं फिरत नाही हे बघून कॅलिपरवरचं एअर काढायचं निपल पाव फेरा सैल करायचं. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत आणि डोळ्यांवर चष्मा. ऑइल गरम असतं, शिवाय गाडीवर सांडलं तर रंग खातं.

निपल सैल करताच चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं, तर ऑइल आत कोंडलं होतं. मग होज. बाहेरून तो ठणठणीत दिसतो, पण आतल्या थराची साल सुटलेली असते. पायाच्या जोरानं ऑइल पुढं जातं; पाय काढल्यावर परतीला तेवढा जोर नसतो आणि ती साल वाट अडवते. खात्री करायची तर निपल बंद करून चाक पुन्हा धरू द्या आणि या खेपेला होजच्या वरच्या टोकाला लोखंडी पाइपचा नट सैल करा. इथं चाक सुटलं नाही, पण खाली निपलला सुटतंय, तर होज गेला. पुढचे दोन्ही एकदम बदला. वरच्या नटालाही सुटलं, तरच एबीएस युनिट (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारं) आणि मास्टरकडे वळायचं. (पॅड बदलताना कॅलिपर होजवर लोंबकळत सोडणारी पोरं मी रोज बघतो. तारेनं बांधायला काय लागतं?)

निपल उघडूनही चाक घट्टच, तर कॅलिपर अडलाय. माझा कल इकडेच आहे, कारण नवे पॅड टाकल्यावर तुमचं दुखणं वाढलं. डिस्क ब्रेकच्या पिस्टनला मागं ओढायला स्प्रिंग नसते. भोवतीचं चौकोनी काटाचं रबरी सील ब्रेक दाबला की किंचित पिळतं आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागं घेतं. एवढ्याशा ताकदीला थोडा गंजही भारी पडतो. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर राहतो. त्यावरचं रबरी कव्हर फाटलेलं असेल तर उघड्या भागाला गंज चढतो. जाड नवे पॅड बसवायला तोच गंजका भाग सीलमध्ये कोंबला जातो. पिस्टनला खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपर मारून भागत नाही. कॅलिपरच्या दोन्ही पिना बोटानं सरकतात का, तेही बघायला सांगा. त्यांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा. बेअरिंगच्या ग्रीसनं रबर फुगतं.

फुगण्यावरून आठवलं, ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण उघडून त्यातलं रबर बघा. फुगून वेडंवाकडं झालं असेल तर कुणीतरी इंजिन ऑइल ओतलंय, आणि मग लाइनीतली सगळी रबरं बदलावी लागतील. तसं नसेल तर नुसतं ऑइल बदला. ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. ओलावा धरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ आहे.

आणि ह्यांना सांगा, तापलेल्या डिस्कवर पाणी नाही. ती वाकते, तडकतेसुद्धा. गाडी सावलीत उभी करा. आपल्याकडे मे महिन्यात सावली सापडली तर.

प्रश्न : पावसाळ्यात गावी गेलो होतो. आल्यावर हँडब्रेक सोडला, तरी मागचं चाक हलेना.
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : मागं ड्रम ब्रेक असेल तर लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) गंजून ड्रमला चिकटलेत, नाहीतर हँडब्रेकची केबल अडकलीय. पहिला आणि रिव्हर्स गिअर आलटून पालटून हलकेच हलवा. टक् आवाज आला की सुटलं. क्लच जाळू नका. नाहीच सुटलं तर चाक काढून ड्रमवर रबरी हातोडीनं ठोका. सुटल्यावर थोडं चालवून तेच चाक तापतंय का बघा. तापलं तर केबल बदला. पुढच्या वेळी गावी जाताना गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक ओढूच नका.